फेसवॉश किती वेळ ठेवायचा

दहावी-बारावीत माझ्या वर्गातली पोरं तोंडभर पुटकुळ्या घेऊन फिरत होती, तेव्हा माझे गाल गुळगुळीत होते, आणि त्यावरून मी त्यांना भरपूर चिडवलं होतं. पंचविशी ओलांडली, एमआयडीसीत कायम झालो, घरच्यांनी लग्नाचं बघायला घेतलं, आणि नेमकं तेव्हा माझ्या तोंडावर सगळं पीक एकदम उगवलं. गालावर, हनुवटीवर, एक तर थेट भुवईत.

निमोण्याहून आईचा रोज फोन यायचा.

"उष्णता हाय ती. सब्जा पितोस का?"

"पितो."

"मंग जास्त पी."

मी एवढा सब्जा प्यायलो की कंपनीत लाईनवर उभ्या उभ्या दातांतून दाणे काढत बसायचो. पिंपल्स होते तिथेच होते.

तेव्हा मी कारेगावात खोली घेऊन राहत होतो. सोबत वडगाव रासाईचा एक दोस्त होता. आम्ही दोघं एकाच कंपनीत, पत्र्याचे पार्ट रंगवायच्या लाईनवर. शिफ्ट मात्र उलट्या, त्यामुळे खोलीत एकजण झोपलेला आणि दुसरा कंपनीत, असा आमचा संसार चालायचा. रविवारी तेवढी भेट व्हायची. हा माणूस स्वभावाने चांगला, पण त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं. कारण सापडलं नाही तर तो ते तयार करायचा.

एका रविवारी मी बेसिनपाशी तोंड धूत होतो. तो मागे उभा राहून माझी फेसवॉशची ट्यूब वाचत होता.

"ह्यात औषध हाय म्हणं. ॲक्टिव्ह का काय."

"आहे ना. म्हणून तर घेतला."

"आन् तू त्यो लावून लगीच धुतोस."

"फेसवॉश आहे. धुवायचाच असतो."

"मंग औषध कुठं गेलं?"

मी ओल्या तोंडाने बेसिनकडे बघितलं. पांढरा फेस गोल फिरून जाळीतून खाली चालला होता.

"आपल्या बेसिनच्या पाईपाला कवा पिंपल आल्याला बघितलाय का?" तो म्हणाला. "न्हाई ना? समदं औषध त्यालाच भेटतंय."

मी हसलो, पण मला ते लागलं. कारण आमच्या लाईनवर नेमका हाच प्रकार होता. पत्र्याचा पार्ट रंगवायच्या आधी त्याच्यावरचं तेल काढायला तो एका टाकीत बुडवून ठेवतात. टाकीतून लवकर बाहेर काढला तर वरून चकचकीत दिसतो, पण तेल तसंच राहतं आणि भट्टीतून आल्यावर रंगाचे पापुद्रे सुटतात. मग सुपरवायझर सगळ्या लाईनला ऐकू जाईल असा ओरडतो. पार्टला जर टाकीत वेळ द्यावा लागतो, तर माझ्या गालाला का नको, असं मी बोलूनही दाखवलं.

"म्हंजी तुला डिप टाईम कमी पडतोय," दोस्त म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की जणू त्याला बढती मिळाली.

ठरलं असं की उजव्या गालावर फेसवॉश ठेवायचा आणि डाव्या गालावर लावून लगेच धुवायचा. म्हणजे खरं काय ते कळेल. बोलायला सोपं होतं. अर्धंच तोंड धुवून बघा म्हणजे समजेल. पाणी नाकावरून पलीकडे जातं, फेस हनुवटीखालून फिरून परत येतो. नाक कुणाचं यावर आमचा वादही झाला. शेवटी नाक कुणाच्याच बाजूने धरायचं नाही असं ठरवलं.

वेळ मोजायला आम्ही घड्याळ लावलं नाही. शेजारी घरमालकीण काकू रोज सकाळी मोबाईलवर आरती लावायच्या. आरती सुरू झाली की उजव्या गालाला फेस, आरती संपली की पाणी. हे उत्तम चाललं होतं. मग एका सकाळी काकूंनी आरतीच्या जागी अख्खी पोथी लावली. मी गालाला फेस लावून संपायची वाट बघत बसलो. तेवढ्यात काकूच दाराशी आल्या, पाण्याची बादली भरून ठेव म्हणून सांगायला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. अर्धं तोंड पांढरं, अर्धं माझं.

"दाढी अर्धी का सोडली रे?"

"काकू, ही दाढी नाही. हा फेसवॉश आहे."

"मग धू की."

"पोथी संपल्यावर."

काकू परत गेल्या. त्या दिवसापासून त्या मला प्रसाद जरा जास्त द्यायला लागल्या.

दोस्ताने स्वतःला या कामाचा इन्स्पेक्टर नेमलं होतं. दर रविवारी तो मला खिडकीत बसवून मान वर, मान खाली करायला लावायचा. एकदा त्याला सुट्टी होती आणि मी दुपारी गाढ झोपलो होतो. उठलो, चहा प्यायलो, सेकंड शिफ्टला निघून गेलो. गेटवरचा सिक्युरिटीवाला हसला. लाईनवरची पोरं हसली. यूपीचा एक ऑपरेटर जवळ आला आणि मोठ्या काळजीने म्हणाला, "भैया, आपको रिजेक्ट किसने किया?"

मी वॉशरूमच्या आरशात बघितलं. माझ्या उजव्या गालावरच्या प्रत्येक पिंपलभोवती हिरवा गोल काढलेला होता. आमच्याकडे पार्टवर कुठे खड्डा-बुडबुडा दिसला की क्वालिटीवाले ज्या मार्करने गोल करतात, त्याच मार्करने. तो मार्कर थिनरशिवाय निघत नाही, आणि थिनर तोंडाला लावायची हिंमत माझ्यात नव्हती. अख्खी शिफ्ट मी तसाच उभा राहिलो. सुपरवायझरसुद्धा त्या दिवशी ओरडायच्या ऐवजी तोंड फिरवून निघून जायचा.

मी फोनवर त्याला शिव्या घातल्या. तो शांतपणे म्हणाला, "नवीन कुठला आन् जुना कुठला, कळाया नगं व्हय?"

पण एक खरं होतं. काही आठवडे गेल्यावर उजवा गाल डाव्यापेक्षा बराच बरा दिसायला लागला. आम्ही दोघं हरखून गेलो. आपण काहीतरी शोधून काढलंय असं आम्हाला वाटलं. आणि शोध लावल्यावर माणसाचं डोकं जसं फिरतं तसं माझं फिरलं. थोडा वेळ ठेवून एवढा फायदा, तर जास्त वेळ ठेवून किती? आणि साध्याने एवढा, तर कडक औषधाने किती? मी कारेगावच्या मेडिकलमध्ये गेलो आणि म्हणालो, "सगळ्यात स्ट्राँग फेसवॉश द्या." त्याने दिला. खोक्यावर बारीक अक्षरात बरंच काही लिहिलेलं होतं. खोकं मी तिथेच डब्यात टाकलं.

त्याच आठवड्यात दौंडच्या मामांचा फोन आला. त्यांच्या ओळखीत एक मुलगी होती. डी.फार्मसी झालेली, दौंडमध्येच एका मेडिकलमध्ये कामाला. वडील रेल्वेतून रिटायर झालेले. आईने सांगितलं की पहिल्यांदा मामा-मामींनीच नेऊन आणावं, पसंत पडलं तर आम्ही येतो.

रविवारी सकाळी मी गाडी काढली. उसाच्या ट्रॉल्यांची धूळ खात, भीमेचा पूल ओलांडून मामांच्या घरी पोचलो तेव्हा माझं तोंड मातीचं झालं होतं. मामींनी बाथरूममध्ये खास माझ्यासाठी नवा कोरा टॉवेल लावून ठेवला होता. मरून रंगाचा, सोनेरी काठाचा, जाड. मी नवी ट्यूब काढली. आज पूर्ण तोंडाला लावू, चांगला वेळ ठेवू, म्हणजे त्यांच्या घरी जाईपर्यंत चेहरा असा काही उजळेल, असा माझा हिशोब. भरपूर फेस काढला. कपाळ, गाल, नाक, कानापर्यंत सगळीकडे थापला. डोळे मिटून उभा राहिलो. गुदगुल्या व्हायला लागल्या. मग झणझण. मी मनात म्हटलं, औषध काम करतंय. मग जास्तच झणझण झाली, तेव्हा नळ सोडला.

नळ खोकला आणि गप्प बसला.

"मामी, पाणी!"

"लाईट गेलीया!" मामी बाहेरून ओरडल्या. "टाकीतलं मी सकाळीच धुण्याला संपवलं. थांब, मोटार सुरू झाली की येतंय."

"मामी, तोंडाला साबण आहे!"

"आसू दे, साबणच हाय. काय विंचू हाय का?"

मी थांबलो. लाईट काही येईना. तेवढ्यात मामांनी दार वाजवलं. "आरं उरक. ती माणसं वाट बघत्यात. रेल्वेची माणसं हायती, टायमाला पक्की."

मामींनी शेवटी माठातलं तांब्याभर पाणी दाराच्या फटीतून दिलं. ते डोळे धुण्यातच संपलं. राहिलेला फेस तोवर वाळून चुन्यासारखा झाला होता. मी मग त्या मरून टॉवेलात तोंड खुपसलं, दोन्ही हातांनी दाबून खसाखसा पुसलं, टॉवेल दोरीवर टाकला आणि शर्ट चढवून बाहेर आलो.

मामांनी मला बघितलं आणि त्यांच्या तोंडातलं पान जागच्या जागी थांबलं.

"हे काय झालं?"

"काही नाही. थोडं लाल झालं असेल."

"थोडं?"

मामींनी गडबडीने माझ्या गालाला पावडर लावायला घेतली. मी किंचाळलो. पावडर राहिली.

मुलीच्या घरी पंखा बंद होता, कारण लाईट तिकडेही नव्हती. मी गरम तव्यासारखं तोंड घेऊन सोफ्यावर बसलो. मुलीच्या वडिलांनी बराच वेळ माझ्याकडे बघून अत्यंत सभ्यपणे विचारलं, "प्रवासात ऊन लागलं का?"

मामा माझ्या आधी बोलले. "गोरा हाय ना. लगीच लाल होतोय."

मी गोरा नाही. तिथे बसलेल्या सगळ्यांना ते दिसत होतं. मुलीच्या आईने मला एकट्यालाच ताक आणून दिलं.

मुलगी आली. पोहे झाले, शिक्षण विचारून झालं, गाव-भावकी झाली. मग तिचे वडील म्हणाले की मुलांना जरा बोलू द्या, आणि आम्हाला मागच्या ओट्यावर खुर्च्या टाकून दिल्या. काय बोलायचं ते मी गाडीवर येताना पाठ केलं होतं. छंद, पगार, कंपनीची बस. ते सगळं माझ्या डोक्यातून उडालं होतं, कारण नुसतं हसलं तरी गालाची कातडी ताणली जात होती.

तीच म्हणाली, "तुमच्या कानाला पांढरं काहीतरी लागलंय."

मी कान पुसला.

"भुवईत पण आहे."

"फेसवॉश आहे," मी म्हणालो. "पाणी गेलं होतं."

ती थोडी पुढे झुकली. नीट बघितलं. मग माझी लाली बघून तिने ट्यूबवरच्या औषधाचं पूर्ण नाव घेतलं, बेन्झॉईल पेरॉक्साईड, एका दमात, न अडखळता. लग्नाच्या बैठकीत मुलीच्या तोंडून मी ऐकलेला तो पहिला मोठा शब्द.

"किती वेळ ठेवलात?"

"लाईट येईपर्यंत."

"लाईट अजून आलेली नाही."

"हो ना."

तिने ओठ दाबून धरले. मग विचारलं, "टॉवेल पांढरा होता ना?"

"नाही. मरून."

"कुणाचा?"

"मामींचा. नवा."

"गेला," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"या औषधाने कापडाचा रंग उडतो. घरी गेल्यावर कळेल तुम्हाला." आणि मग तिचा ताबा सुटला. ती पदर तोंडाला लावून एवढी हसली की आतून तिच्या आईने डोकावून बघितलं. मलाही हसायला आलं. पण हसलं की दुखत होतं, म्हणून मी 'आई गं, आई गं' करत हसत होतो. आत बसलेल्या माणसांना वाटलं, पोरांचं चांगलंच जमलं.

हसणं ओसरल्यावर मी तिला सगळं सांगितलं. बेसिनचा पाईप, टाकी, डिप टाईम, आरती, पोथी. हिरवे गोल सांगायचे नव्हते, पण तेही सांगून गेलो.

"मग खरं काय ते सांगा," मी म्हणालो. "धुवून टाकायच्या फेसवॉशमधल्या औषधाचा उपयोग होतो की नाही?"

"थोडा होतो," ती म्हणाली. "कुठलं औषध आहे त्यावर आहे. तुम्ही जे लावलंय ते थोडा वेळ राहिलं तरी काम करतं. थोडा म्हणजे मिनिट-दोन मिनिटं, लाईट येईपर्यंत नाही. काही औषधं मात्र बरीचशी पाण्याबरोबरच जातात. नुसत्या फेसवॉशवर सगळं जाईल असं धरून चालू नका. लावून ठेवायची क्रीम वेगळी मिळते, तिचा गुण जास्त. पण ती मी देणार नाही. आधी डॉक्टरला दाखवा."

लग्नाबद्दल आम्ही एक शब्दही बोललो नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मामांच्या घरी परत आलो तेव्हा लाईट आली होती आणि मामी अंगणात टॉवेल हातात धरून उभ्या होत्या. मरून टॉवेलाच्या मधोमध एक तांबूस-पिवळा चेहरा उमटला होता. कपाळ, दोन गाल, हनुवटी. डोळ्यांच्या जागी दोन गोल मरून डाग, कारण डोळे तेवढे मी धुतले होते.

"हे काय केलंस रे? तुझ्यासाठी आज तेवढा लावला व्हता, पुढच्या महिन्यात माझ्या भावाला आहेरात द्यायचा व्हता ह्यो!"

मी म्हणालो, "मामी, फेसवॉशनं झालंय."

मामा मात्र टॉवेलाजवळ गेले, चष्मा लावला, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आगं, हे तर आमच्या आबांवाणी दिसतंय."

आबा म्हणजे माझे आजोबा, मामांचे वडील. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मामींनी टॉवेल लांब धरला, जवळ धरला.

"नाक न्हाई तसं आबांचं."

"नाक कुठं आलंय त्यात? गाल बघ."

शेजारची एक बाई आली. तिच्या मते ते मामींच्या सासऱ्यांसारखं नव्हतं, तिच्या स्वतःच्या चुलत सासऱ्यांसारखं होतं. मी तीनदा सांगितलं की ते मीच आहे. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. संध्याकाळपर्यंत टॉवेल घडी घालून कपाटात वरच्या कप्प्यात गेला. तो धुवायचाही नाही आणि वापरायचाही नाही, असं मामांनी ठरवून टाकलं.

त्यानंतर दोन दिवस माझ्या तोंडाचे पापुद्रे निघत होते. अगदी भट्टीतून आलेल्या खराब पार्टसारखे. दोस्ताने ते बघितलं आणि माझ्याआधी तोच म्हणाला, "चल, डॉक्टरकडं." शिरूरला कातडीच्या डॉक्टर बाई होत्या, त्यांच्याकडे गेलो. तो सोबत आत आला, कारण सगळा अभ्यास आपला आहे असं त्याला वाटत होतं. त्याने डॉक्टरांना टाकी, तेल, डिप टाईम सगळं समजावून सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकून घेतलं.

"पत्र्याला आग होत नाही," त्या म्हणाल्या. "कातडीला होते. म्हणून वेळ वाढवला की फायदा वाढतोच असं नाही."

"पर मॅडम, उजवा गाल बरा झाला व्हता. आमी बघितलंय."

"असेल. थोडा वेळ ठेवल्याचा फायदा झाला असेल." मग त्या माझ्याकडे वळल्या. "झोपता कुठल्या कुशीवर?"

"डाव्या."

"उशीचा अभ्रा शेवटचा कधी धुतला?"

मी दोस्ताकडे बघितलं. दोस्त भिंतीवरचा तक्ता वाचायला लागला. आमच्या खोलीत चांगली उशी एकच होती. शिफ्ट उलट्या असल्यामुळे तीच दोघांना पुरायची. आणि हा माणूस रोज डोक्याला एवढं तेल लावायचा की बसच्या काचेवरसुद्धा त्याच्या डोक्याचा ठसा राहायचा.

"तेल तर मी डोक्याला लावतोय," तो हळूच म्हणाला.

"आणि डोकं?" डॉक्टरांनी विचारलं.

"उशीवर."

एवढे आठवडे आम्ही फेसवॉश तपासत होतो, आणि डावा गाल रोज त्याच्या तेलात बुडवून ठेवत होतो. डिप टाईम तर त्याला भरपूर मिळाला होता.

"म्हणजे फेसवॉशनं काम केलं की नाही केलं?" मी विचारलं.

"केलंही असेल. पण तुमच्या या प्रयोगावरून ते कळत नाही," डॉक्टर म्हणाल्या आणि एवढा वेळ दाबून धरलेलं हसू त्यांनी सोडून दिलं. सध्या तोंडाला फक्त साधा, सौम्य फेसवॉश, आग थांबल्यावर रात्री लावायची एक क्रीम, कंपनीतला मास्क रोज धुवायचा, आणि अभ्रा. क्रीमचा गुण यायला दोन-तीन महिने लागतील, मध्ये धीर सोडायचा नाही, असं त्यांनी मला सांगितलं. दोस्ताला त्यांनी स्वतंत्र उशी लिहून दिली नाही, पण तोंडी सांगितली.

इकडे दौंडहून मुलीच्या वडिलांनी मामांना फोन केला. मुलाला रक्तदाबाचा काही त्रास आहे का, असं त्यांनी आडून आडून विचारलं. मामा काहीतरी भलतंच सांगणार होते, पण त्याआधीच मुलीने आतून ओरडून सांगितलं की तो फेसवॉश आहे, आणि माणूस खोटं बोलत नाही, हिरव्या गोलांचं सुद्धा त्याने आपण होऊन सांगितलं. हे मला नंतर मामींकडून कळलं. दोन दिवसांनी तिचाच मेसेज आला. डॉक्टरांनी कुठली क्रीम दिली ते विचारलं होतं. मी फोटो पाठवला. तिने लिहिलं, 'वाटाण्याएवढीच लावा. तुमचा स्वभाव बघता सांगते.'

मी वाटाण्याएवढीच लावली. हे लिहिताना सोपं वाटतं, पण रोज रात्री मला वाटायचं, आज हरभऱ्याएवढी लावून बघू. ती रोज विचारायची, म्हणून नाही लावली. पहिले काही आठवडे काहीच फरक दिसेना. आई म्हणायची सब्जा सोडलास म्हणून. मग हळूहळू हनुवटी साफ झाली, मग गाल. आमचं रोजचं बोलणं क्रीमवरून सुरू व्हायचं आणि कुठल्या कुठे जायचं. मेडिकलमध्ये कोण काय मागायला आलं, कोण औषधाचं नाव न सांगता नुसता गोळीचा रंग सांगतं, असलं ती सांगत बसायची आणि माझी बस चुकायची.

दुसऱ्या बैठकीला आई-वडील आले. मुलीच्या वडिलांनी मला ओळखलंच नाही. मुलाचा थोरला भाऊ का, असं त्यांनी विचारलं.

लग्न होऊन आता दुसरं वर्ष चालू आहे. आम्ही शिरूरला राहतो आणि ती इथल्याच एका मेडिकलमध्ये असते. एमआयडीसीतली पोरं येतात, सगळ्यात स्ट्राँग द्या म्हणतात, आणि ती त्यांना आधी काउंटरपाशी उभं करून दहा प्रश्न विचारते. काही पोरं चिडून दुसऱ्या दुकानात जातात. मला अजूनही अधूनमधून एखादी पुटकुळी येते. 'हात लावू नका तिला,' असं बायको स्वयंपाकघरातून, माझ्याकडे न बघता सांगते. मी लावतो. मग पुटकुळी दोन दिवस जास्त राहते, आणि ते दोन दिवस आमच्या घरात दुसरा विषय नसतो.